वहीतलं भूत
अगं, आज फोन लगेच ठेवू नकोस, जरा ऐक. फोनवर नुसतं ‘बरी आहे’ म्हणतेस आणि ठेवून देतेस, ही कसली गं रीत? आज बराखीतून सडक्या कांद्याचा वास आला आणि तुझ्या आईची, माझ्या धाकट्या जावेची आठवण झाली. तू पाळण्यात होतीस. मी प्रौढांच्या वर्गात नुकती लिहायला शिकले होते आणि वहीत गोष्टी रचायचे. तुझी आई दोन महिने कोणाशी बोलत नव्हती. ‘बाहेरचं लागलंय,’ म्हणून सासूबाई तिला अमावस्येला देवरुशाकडे नेणार होत्या. मीही तशीच गोष्ट लिहिली. बाईला भूत लागतं, देवरुशी ते काढतो, बाई हसायला लागते. बराखीत कांदा निवडता निवडता मी ती तुझ्या आईलाच वाचून दाखवली. म्हटलं, ही कुठं कोणाला सांगणार! तिनं हातातला कांदा खाली ठेवला. ‘आक्का, तुमच्या बाईला भूत न्हाई लागलं. तिला झोप येत न्हाई. पोर झोपलं तरी न्हाई.’ मी म्हटलं, ‘अगं, बाई तर मी रचलेली, तुला काय ठाऊक?’ ‘मंग नीट रचा की,’ म्हणाली. सासूबाईंशी भांडून मी तिला मंचरच्या डॉक्टरकडे नेलं. हळूहळू झोपायला लागली, बोलायलाही. वहीतलं भूत मी खोडलं, पण त्या जागी काय लिहावं ते सुचेना. शेजारी बसलेल्या बाईला विचारायचं सोडून मी वहीत काय शोधत होते, तेही अजून उमगत नाही. तुला झोप येते का गं? फोनवर नको सांगूस, इकडे येऊन सांग.