याडीची राहिलेली ओटी

१९ डिसेंबर, शुक्रवार. दोन हजार सहाशे पन्नास रुपये. यवतमाळच्या साडीच्या दुकानात मी, माझी बायको आणि दुकानदार असे तिघे हजर होतो. घेतली ती हिरवी साडी आणि तिच्यावरचा ब्लाउज पीस. बांगड्या आणि नारळ पुढच्या दुकानातून घेतले, ते या रकमेत नाहीत. एरवी शंभर रुपयांसाठी अर्धा तास बसणाऱ्या माझ्या बायकोने त्या दिवशी भाव केला नाही.

आदल्या दिवशी आम्ही नागपूरहून तपासणी करून आलो होतो. तिच्या स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनला फेब्रुवारीत चार वर्षे होतील. डॉक्टर म्हणाले, "सध्या काही दिसत नाही. सहा महिन्यांनी या." असे त्यांनी सात वेळा सांगितले आहे आणि सातही वेळा माझे कान 'सध्या' याच शब्दावर अडकले. बायकोला मात्र पुढचे सहा महिने मिळाल्यासारखे वाटते. परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसून उन्हाळ्यात पापड किती करायचे ते ठरवते.

ते दुखणे सगळ्यात आधी ओळखले ते शेजारच्या तांड्यावरच्या एका म्हाताऱ्या बाईने. तांड्यावर आईला याडी म्हणतात. आमच्या शेतात वेचणीला येणाऱ्या सगळ्या बाया तिला याडीच म्हणत आणि माझी बायकोही तेच म्हणे. कापूस वेचताना फडक्याची झोळी करून ते एका खांद्यावर गाठ मारून बांधतात. बायको ती गाठ सारखी डावीकडून उजवीकडे न्यायची. याडी दोन दिवस बघत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने बायकोला तुरीच्या ओळीत नेले, हाताने चाचपून पाहिले आणि सरळ माझ्याकडे आली.

"भाऊ, इले दवाखान्यात न्या. आजच."

तेव्हा नोव्हेंबर होता. मी म्हणालो, एवढी वेचणी उरकली की नेतो. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका जिनिंगच्या वजनकाट्यावर मी कारकून आहे, आणि हंगामात तिथे सुट्टी मिळत नाही हेही कारण होतेच. याडी दर आठवड्याला विचारायची, "नेलं का?" मी दवाखान्यात नेले ते नऊ आठवड्यांनी. त्या नऊ आठवड्यांनी काय बिघडले, हे मी डॉक्टरांना आजवर विचारलेले नाही.

ऑपरेशन झाले, केमो झाले आणि पहिली तपासणी चांगली आली. बायको त्याच दिवशी म्हणाली, "आता याडीची ओटी भरायची. साडीचोळी देऊन. मी तिले तसं सांगतलंही."

मी म्हणालो, "पाच वर्षं होऊ दे. मग बरी झाली म्हणता येईल."

"मंग आता मी कोण आहे?"

तिला वाटले, मी हिशेबी माणूस, म्हणून मुदत पुरी व्हायची वाट बघतो. मीही ते तसेच राहू दिले. खरे म्हणजे मला भीती होती. आधीच आभार मानले आणि दुखणे परत आले तर? आणि दुसरे असे, की याडी समोर आली की मला ते नऊ आठवडे दिसायचे. तिला घरात पाटावर बसवून तिच्यासमोर उभे राहायचे मला टाळायचे होते. पुढच्या हंगामानंतर ती नवऱ्यासोबत राजूरला मुलाकडे राहायला गेली. मुलगा तिथे खाणीवर होता. ती गेली तेव्हा मला हलके वाटले, हे लिहायला लाज वाटते.

या डिसेंबरात तांड्यावरचा एक जण कापसाची गाडी घेऊन काट्यावर आला. म्हणाला, "याडी आली परत, पोरगा-सून बी आले." मागे गाड्यांची रांग होती. मी भरल्या गाडीचे वजन घेतले, रिकाम्या गाडीचे घेतले, पण ती कशी आहे हे विचारले नाही. घरी येऊन तेवढेच सांगितले.

बायको म्हणाली, "तुमचे पाच वर्षं तुम्ही मोजत बसा. मी चालली."

रविवारी आम्ही तांड्यावर गेलो. सून घरी होती. याडी कोणाच्या तरी शेतात वेचणीला गेली होती, तिला निरोप पाठवला. ती अंगणात आली तेव्हा बायको हळदीकुंकवाचे ताट घेऊन उभीच होती. याडीच्या कपाळावर कुंकू नव्हते. हात मोकळे होते. बायकोच्या हातातले ताट थोडे खाली आले.

"कधी?" बायकोने विचारले.

"आखाडात. राजूरलेच." याडी फडक्याने तोंड पुसत म्हणाली. "हिरवी आणली का वं? चांगली हाय. पण हे आता माह्यं नाही, पोरी. तीन साल वाट पाह्यली म्या. मले वाटलं, तू विसरली."

बायको ताटातले हळदीकुंकू सारखे करू लागली. माझे नाव तिने घेतले असते तर चालले असते.

मी म्हणालो, "ती विसरली नव्हती. मी थांबवलं तिले. पाच वर्षं पुरी व्हायची होती."

याडीने माझ्याकडे बघितले आणि हसली. "असं हाय का? मंग आमच्या बुढ्याले काहून नाही सांगतलं भाऊ, तू बी थांब म्हणून?"

सून हसू दाबत आत पळाली. याडीने तिला हाक मारून बाहेर बोलावले, पाटावर बसवले आणि बायकोला म्हणाली, "भर, इची भर." स्वतः दाराच्या चौकटीशी सरकून उभी राहिली. बायकोने ओटी भरली. सून साडीचा काठ बघत होती. कशाची ओटी आहे, हे तिला कोणी सांगितले नव्हते. बायकोने मग दाराशी जाऊन याडीच्या पायांवर डोके ठेवले. याडीने तिला उठवले आणि तिच्या खांद्यावरून हात फिरवून विचारले, "इथं दुखते का अजून?"

"नाही."

"दवाखान्यात जाते ना?"

"जूनमधे आहे."

"जाय. चुकवू नको." मग ती माझ्याकडे वळली. "भाऊ, तुम्ही काट्यावर बसता ना? माही अर्ध्या दिवसाची वेचणी बुडाली. करा हिशेब."

साडी, ब्लाउज पीस, बांगड्या आणि नारळ सुनेकडे गेले. वीस किलोची वेचणी, दहा रुपये किलोने, असे दोनशे रुपये मी याडीच्या हातात दिले. तिने ते मोजून घेतले.