मागे बसवलेली धवलारीण

मला लिहिण्याची सवय नाही. जुईनगरला पस्तीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला, तेवढंच. गेल्या महिन्यात तळवलीच्या गोजराआजींसाठी चार ओळींचा दाखला लिहून दिला. त्यात जे बसलं नाही ते इथे लिहितो आहे. जमेल की नाही, माहीत नाही.

गोजराआजी धवलारीण. आगऱ्यांच्या हळदीला धवलारीण लागतेच. मांडवात तांदळाच्या पिठाचा चौक काढतात, नवरीला पाटावर बसवतात. धवलारीण तिच्या शेजारी बसते आणि एकेका देवाला, घरातल्या गेलेल्या माणसांना, गाण्यातून नावानिशी लग्नाला बोलावते. आजींनी हे पन्नास वर्षं केलं. कागद नाही, सगळं तोंडपाठ. आवाज कसा होता, ते मात्र मला विचारू नका. मी प्रकाश बघत असायचो.

दोन हजार बारा साली मी पंच्याऐंशी एमएमची लेन्स घेतली. तिचं ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, पूर्ण उघडलं की नवरीची पापणी न् पापणी दिसायची आणि मागचं सगळं विरघळून जायचं. मांडवातल्या दिव्यांचे नुसते मऊ गोळे. लोक खूश झाले, कामं वाढली. पण मागचं चांगलं पुसायला ते नवरीपासून लांब असावं लागतं. आजी अगदी खेटून बसायच्या. त्यांचा अर्धामुर्धा चेहरा फोटोत यायचा आणि मला तो खुपायचा; मी तो कापून टाकायचो.

"आजी, जरा चार पावलं मागं बसा."

"लांब बसून कसं गाऊ रं?"

"फोटो एकदम सिनेमासारखा येतो."

"बरं बाबा. आता तूच भटजी," असं म्हणून त्या हसल्या आणि पाट उचलून मागे गेल्या. पुढे पुढे तर मी आलो की न सांगताच सरकायच्या.

यंदा त्यांची नात जागृती स्टुडिओवर आली. आजींचा म्हाताऱ्या कलाकारांच्या सरकारी मानधनासाठी अर्ज करायचा होता.

"काका, आजीचा गातानाचा एक फोटो द्या. जुन्या कामाचा पुरावा लागतो. आता नवीन काढून उपयोग नाय, तिचा आवाज बसलाय."

मी तीन दिवस शोधलं. जुन्या रोलच्या निगेटिव्ह बुरशीने गेलेल्या, त्यानंतरच्या सीडी उघडेनात. ती लेन्स घेतल्यानंतरची दीडेकशे लग्नं कॉम्प्युटरवर होती. प्रत्येक फोटोत नवरीच्या खांद्यामागे एक रंगाचा डाग. कधी हिरवा, कधी जांभळा.

लॅपटॉप घेऊन तळवलीला गेलो. आजींनी बोट ठेवलं.

"ही मी. जांभलं लुगरं. राजेश्वरीची हलद."

"आजी, त्या साहेबाला काय सांगू, हा डाग म्हणजे तू?" जागृती म्हणाली.

"चुकलं माझं, आजी," मी म्हणालो. "चेहराच ठेवला नाही मी तुमचा."

"चेऱ्याचं काय घेऊन बसलास. ते देव नवरीच्या कानावं परायला लागतात. तिकरं डीजे, हिकरं मी मागं. पोरींना काय बी ऐकू गेलं नाय."

हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. त्या सगळ्या मुली मला आठवल्या. माझ्याकडे बघून हसणाऱ्या.

फोटो नाही, तर निदान ओळखीच्या माणसाचा दाखला जोडू, असं जागृतीने सुचवलं. मी लिहायला बसलो. 'गोजराबाईंना मी अनेक लग्नांत समक्ष पाहिलं आहे' इथवर लिहून थांबलो.

"काका, ऐकलंय असं पन लिहा ना. गाण्याचाच अर्ज हाय."

मी पेनाला टोपण लावलं. आजींना कळलं असावं.

"हिकरं ये," त्या म्हणाल्या. "जवल बस. असा नाय, खेटून."

मी त्यांच्या पाटाशेजारी जमिनीवर बसलो. त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणून दोन देव बोलावले. तिसऱ्याला खोकला आला. आवाज नव्हताच, नुसता वारा येत होता, पण नावं कळली.

मग मी 'ऐकलं आहे' असं लिहून सही केली. कधी, ते लिहिलं नाही.