त्या ‘येस’चा अर्थ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, कॉलेजातल्या मैत्रिणींना नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. कदाचित तुम्ही मध्येच उठून जाणार नाही म्हणून.

मी जळगावला इंग्रजी शिकवते. एकटी राहते. संध्याकाळी कुलूप उघडलं की घरात बोलायला कुणी नसतं, म्हणून लिहिते — म्हणजे काय, तर जुन्या इंग्रजी प्रेमकादंबऱ्या उचलून खानदेशात आणून बसवते. एका ॲपवर त्यांच्या ऑडिओ मालिका होतात. उमरावाची हवेली काढायची, रावेरच्या केळीवाल्या व्यापाऱ्याचा बंगला ठेवायचा. बग्गीच्या जागी बोलेरो. नाचाच्या समारंभाच्या जागी शेतातली भरीत पार्टी — नायक पहिल्यांदा बघतो तेव्हा नायिकेच्या हातात उडीद-ज्वारीच्या कळण्याची भाकरी असते. लोक हसतात, पण ऐकतात. शेवटी गैरसमज मिटतो आणि दोघं भेटतात. माझ्या गोष्टीत भेटतातच. मूळ पुस्तकात भेटत नसले तरी मी भेटवते.

आता तुम्ही म्हणाल, यात कबूल करण्यासारखं काय आहे? थांबा जरा. मला असंच आडवळणानं यावं लागतं.

एम.ए.ला असताना मीनल आणि मी एका खोलीत राहायचो. ती फैजपूरची, मी साक्रीकडच्या खेड्यातली. प्रवीण आमच्याच वर्गात, धुळ्याजवळच्या गावचा. त्या दोघांचं जुळलं. निरोप्या मी — लष्कराच्या भाकरी भाजायची हौस! तिच्याशी तो शुद्ध मराठी बोलायचा, मधूनमधून इंग्रजी झाडायचा. फैजपूरकडची बोली वेगळी, आमची अहिराणी तिला फारशी कळायची नाही. माझ्याशी मात्र तो अहिराणीच बोलायचा. ‘काय करी ऱ्हायनी वं?’ एवढंच विचारायचा — आणि माझा दिवस चांगला जायचा. हसू नका. किंवा हसा. त्याच्या लेखी मी गावाकडची बहीण होते, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी ती भाषा तेवढी माझी, असं मी मनात धरून बसले होते.

मग मीनलला सावद्याचं स्थळ आलं. तिचे मामा जीप घेऊन दारात हजर — आजच्या आज उत्तर हवं, आणि उत्तर घेऊनच ते तिला घरी नेणार. मामा खाली चहाला थांबले, तेवढ्यात तिनं प्रवीणला फोन लावला. तो गावी शेतात होता. तिचा फोन जुना, कानाला लावून ऐकू येत नसे, म्हणून स्पीकरवर. ती म्हणाली, ‘घरचे अडून बसलेत. मी त्यांना हो म्हणून टाकू का?’ तिकडून वारा, ट्रॅक्टरचा आवाज, आणि त्यातून एकच शब्द आला — ‘येस.’ फोन तुटला. पुन्हा लागला नाही.

अहिराणीत ‘येस’ म्हणजे ‘येतो’. मी येस — मी येतो. घाबरला की तो घरच्या बोलीवर जायचा, हे मला माहीत होतं. तिला नव्हतं. तिनं इंग्रजीतला ‘येस’ ऐकला. हो, म्हणून टाक.

ती माझ्याकडे वळली. ‘ऐकलंस ना? येस म्हणाला.’

आणि मी म्हणाले, ‘हो. ऐकलं.’

एवढंच. खोटं बोलले का मी? अक्षरही खोटं नव्हतं. पण त्या क्षणी मला एकच डाचत होतं — आपली भाषा त्यानं तिलाही दिली. ती जीपमध्ये बसेपर्यंत मला चांगला वेळ होता. मी तिची बॅग उचलून खाली नेली.

संध्याकाळी तो खरंच आला. मोटारसायकलवर, धुळीनं माखलेला. ‘मी तिले सांगेल व्हतं ना, येस म्हनीसन?’ मी म्हणाले, ‘माले काय माहीत.’ तिचा फोन तोवर घरच्यांनी काढून घेतला होता. तो बराच वेळ गाडीला टेकून उभा राहिला. मी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

मीनलचा नवरा वाईट नाही. तिनं कधी कुरकुर केली नाही. फक्त एकदा, पहिल्या बाळंतपणात मी भेटायला गेले तेव्हा म्हणाली, ‘एका शब्दात मोकळा झाला तो. मी इतकी हलकी होते का गं?’ मी काय म्हणाले? ‘पुरुष असेच असतात.’ तिच्या उशाशी बसून म्हणाले, तिचा हात हातात घेऊन.

गेल्या हिवाळ्यात एका मालिकेत अडले आणि तो फोन त्यात घातला. माझ्या गोष्टीतली मैत्रीण मात्र ओरडते — ‘अगं वेडे, येस म्हणजे येतो!’ — आणि नायिका जीपमधून उडी मारते. लोकांनी डोक्यावर घेतलं. काय कल्पना आहे, म्हणाले.

मीनल माझा प्रत्येक भाग ऐकते, व्हॉइस मेसेज पाठवते. त्या दिवशी तिनं फोन केला. ‘मूळ इंग्रजी पुस्तकात या जागी काय आहे?’

चोराच्या मनात चांदणं. मी म्हणाले, ‘चिठ्ठी आहे. उशिरा पोचते.’

‘मग हे येसचं तुला कधी सुचलं?’

‘लिहिता लिहिता.’

तिच्या मागे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, ‘बरं. स्वयंपाक करून राहिली मी. ठेवते.’ त्यानंतर तिचा एकही मेसेज आलेला नाही.

मला ते लिहिता लिहिता सुचलं नव्हतं. ती माझ्याकडे वळायच्या आधीच कळलं होतं. सावद्याची बस माझ्या घरावरून जाते. मी अजून तिच्यात बसलेले नाही.