चरणमाळचा घाट, उघड्या डोळ्यांनी

प्रश्न असा होता: घाटात माणसाला मळमळते ते वळणांमुळे, की येणारे वळण आधी दिसत नाही म्हणून?

प्रश्न लहान आहे आणि त्याचे उत्तर वैद्यकाच्या एखाद्या पुस्तकात असणारच. मला मात्र ते घाटातच शोधायचे होते, कारण माझ्या थोरल्या बहिणीचे माहेरी येणे त्यावर अडले होते.

आमचे घर पिंपळनेरला. अक्का दिली ती चरणमाळच्या घाटाखाली, नवापूरच्या वाटेवरच्या एका गावात. न्याहारी करून निघालेला माणूस जेवायला पोचावा, एवढेच अंतर. पण मध्ये घाट आहे आणि अक्काला गाडी लागते. सासरी निघाली त्या दिवशी आईने तिच्या हातात मीठ लावलेले लिंबू ठेवले आणि सांगितले, “डोया मिटी ले, घाट निंघी जाई.” अक्काने ती आज्ञा जन्मभर पाळली. तोंडावर पदर, कपाळ पुढच्या बाकाच्या दांडीवर आणि डोळे घट्ट मिटलेले. ज्या घाटातून ती इतकी वर्षे गेली-आली, तो तिने पाहिलेलाच नव्हता.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. कडुनिंबाला झोके बांधले जातात, घरोघरी सांजोऱ्या तळल्या जातात. दिवाळी चुकली तर कोणी विचारत नाही; आखाजी चुकली तर गल्ली विचारते. साठी ओलांडल्यावर अक्काचा त्रास वाढला. भाच्याने गाडी घेतली, तर मागच्या सीटवर ती अधिकच हैराण झाली. मग तिने येणेच सोडले. तीन आखाज्या तशाच गेल्या. दरवर्षी मी सायकलवर सांजोऱ्यांचा डबा बांधून घाट उतरायचो. तिसऱ्या वर्षी डबा हातात घेऊन ती म्हणाली, “आते तू येस, तेच मनं माहेर.” ती हसून म्हणाली, पण परतीचा चढ मला त्या दिवशी फार लांब वाटला.

मी भूगोलाचा शिक्षक होतो. निवृत्तीनंतर हिवाळ्यात सायकलवरून आमच्या भागातले घाट पाहत हिंडणे हा माझा छंद आहे. आमचा सगळा मुलूख लाव्हाचा. ज्वालामुखी म्हटले की मुले शंकूसारखा डोंगर काढतात. तो मी फळ्यावरून आधी पुसून टाकत असे. येथे जमिनीला भेगा पडल्या, त्यांतून तप्त रस पसरला, थंड झाला आणि त्यावर पुन्हा दुसरा थर आला. म्हणून आमचे डोंगर माथ्यावर सपाट आणि अंगाने पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. काही भेगांत तो रस तसाच गोठला. भोवतीचा खडक झिजत गेला आणि त्या भरलेल्या भेगा काळ्या भिंतींसारख्या उघड्या पडल्या. साक्री तालुक्यात अशा भिंती दूरवर धावताना दिसतात. डोंगराला किंवा भिंतीला जेथे खिंड असेल तेथून माणसाने वाट काढली आणि तिला बारी म्हटले: शेलबारी, कोंडाईबारी.

या हिंडण्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. एस.टी.त वर्तमानपत्र उघडले की दुसऱ्याच वळणावर मला कसेतरी होते. त्याच वळणावर सायकल चालवताना काही होत नाही. मग मी घाटातल्या चहाच्या टपऱ्यांवर ड्रायव्हर लोकांना विचारू लागलो. स्टिअरिंगवर बसून गाडी लागली, असे कोणीच सांगितले नाही. एक जण मात्र म्हणाला, “मास्तर, मी मागं बसलो की बायकोच्या आधी मलाच पिशवी लागते.” यावरून मी अंदाज बांधला की दोष वळणाचा नसून न दिसणाऱ्या वळणाचा आहे. अंदाज म्हणजे उत्तर नव्हे. तो पडताळावा लागतो.

माघातल्या एका संध्याकाळी मी अक्काकडे उतरलो आणि जेवताना बेत सांगितला: सकाळी दोघांनी घाट पायी चढायचा, अक्काने तो नीट पाहायचा, आणि येताना एस.टी.च्या पहिल्या बाकावर बसून डोळे उघडे ठेवून उतरायचे.

दाजींनी घास थांबवला. “मास्तर, शाळा सुटनी, पन तुमनी सहल काही सुटत नही.”

“तू मास्तर शे ना भाऊ,” अक्का म्हणाली, “मंग डोंगरलेच सांग, सरळ उभा राह्य.”

तरीही पहाटे तिने भाकऱ्या बांधल्या आणि सवयीने एक लिंबूही घेतले. दाजींनी आम्हाला मोटारसायकलवर पायथ्याशी सोडले. अक्का रोज शेतात चालणारी बाई. चढाचे तिला काहीच नव्हते. दमत होतो तो मी.

ऊन अजून कोवळे होते. सागाची पाने गळत होती आणि उतारावर पळस पेटू लागला होता. रस्त्यासाठी कापलेल्या कड्याजवळ मी तिला थांबवले. खाली घट्ट काळा दगड, त्यावर गेरूसारखी तांबडी पट्टी, त्यावर पुन्हा काळा दगड. मी समजावले की दोन थरांच्या मधल्या काळात खडकाची माती झाली आणि पुढच्या लाव्हाने ती भाजली. तिने तांबड्या पट्टीवरून बोट फिरवले. “म्हंजे भाकरवर भाकर ठेवेल शे, आनि मधमा चटनी.” इतकी वर्षे शिकवून हे उदाहरण मला सुचले नव्हते.

वर वर जाताना मी विचारत होतो, हे वळण ओळखते का? ती मान हलवत होती. शेवटी एका मोठ्या वळणावर, बाहेरच्या कठड्याशी, ती आपणहून डोळे मिटून उभी राहिली. खालून एक ट्रक चढत होता. त्याचा आवाज जड झाला, गिअर बदलला, हॉर्न दोनदा वाजला.

“हाई ते,” ती म्हणाली. “आठे मी दर येळे देवनं नाव घेस.”

“आणि आता डोळे उघड.”

तिने उघडले. खाली दरी होती. उतारांवर पायऱ्यांसारखे काळे पट्टे, तळाशी हिरव्या शेतांचे तुकडे आणि रस्त्याची राखाडी दोरी. ती बराच वेळ पाहत राहिली.

“आईले हाई माहीत व्हतं का?”

“आई या घाटात कधी आलीच नाही, अक्का.”

“मंग तिले तरी काय माहीत,” ती शांतपणे म्हणाली आणि पुढे चालू लागली.

माथ्यावर भाकरी खाल्ली. तेथून पिंपळनेरच्या बाजूची सपाट जमीन दिसते. तिने डोळ्यांवर हाताची सावली धरली आणि म्हणाली, “इतलं जवय व्हतं का?” अंतर सांगता आले असते, पण ती अंतर विचारत नव्हती.

मग बस आली. ड्रायव्हर अक्काला ओळखत होता. “अक्का, पिशवी शे ना हातमा?”

“पिशवी नही आज,” ती म्हणाली. “आज भाऊ शे.”

पुढच्या काचेतून रस्ता दिसेल असा पहिला बाक मिळाला. मी सांगितले, जवळ पाहू नकोस, रस्ता जेथे वळतो तेथे पाहा. तिने दांडी धरली आणि रस्त्याकडे असे पाहू लागली, जणू गाडी तीच चालवत होती. उजवे वळण येताना तिचे खांदे आधीच उजवीकडे झुकत. अर्ध्या घाटात तिने आपला मघाचा कठडा मागे वळून पाहिला आणि चेहरा उतरला. “पुढे बघ,” मी म्हणालो. तिने पाहिले, दोनतीनदा आवंढा गिळला आणि सावरली. घाट संपला तेव्हा हातातले लिंबू कापलेले नव्हते.

दाजी थांब्यावर वाट पाहत होते. “पास का नापास?”

“मास्तरले विचारा,” अक्का म्हणाली. “माले आखाजीले जानं शे.”

आखाजीच्या आदल्या दिवशी मी पिंपळनेरच्या स्टँडवर तासभर आधीच जाऊन बसलो. तिने एकटीने यायचे ठरवले होते. बस आली, अक्का उतरली. चेहरा थोडा पांढरा, पदराला पाण्याचे शिंतोडे.

“झाली का उलटी?” मी विचारले.

“एक व्हयनी. मधमा एक उंच मानूस काचेपुढं उभा राह्यना. रस्ता दिखाये नही.” मग सामानाची पिशवी माझ्या हातात देत ती म्हणाली, “मी त्याले सांगं, भाऊ, बाजूले व्हय, मनं माहेर येवानं शे. व्हयना बिचारा.”

घरी पोचेपर्यंत गल्लीतल्या बायका झोक्याखाली जमल्या होत्या. झोक्यावर बसायला मात्र अक्काने नकार दिला. तो मागे-पुढे जातो, त्याचा भरवसा नाही, असे तिचे म्हणणे. मग ती झोका देत उभी राहिली आणि इतरांच्या लेकींना वर पाठवत राहिली. मी ओट्यावरून पाहत होतो. तीन वर्षे घरात जे कमी होते, ते आता आवाज करत होते.

एका माणसावरून नियम करू नये, हे मी मुलांना आयुष्यभर शिकवले. काहींना डोळे मिटल्याने बरे वाटते, असेही लोक सांगतात. अक्काचे दोन प्रवास आणि आडवा आलेला एक उंच माणूस, एवढ्यावर त्यांना खोटे ठरवता येणार नाही. म्हणून विनंती एवढीच. तुमच्या घरात कोणी घाटाच्या भीतीने कोठे जायचे सोडले असेल, तर आधी त्यांच्याबरोबर तो घाट पायी किंवा सायकलवर पाहून या. मग त्यांना गाडीत पुढे बसवा, दूरचा रस्ता पाहायला सांगा आणि काय होते ते स्वतः तपासा.