नळाला नुसताच फेस

मित्रहो, घरच्या बिअरच्या नळाने आज असहकार पुकारला. जुन्या फ्रिजच्या दाराला भोक पाडून यथाविधी प्रतिष्ठापना केलेला नळ, आणि प्रसाद काय, तर नुसता फेस. यंत्रांना काही धर्म आहे की नाही?

फ्रिज दुरुस्त करणाऱ्या मल्लूला बोलावलं. त्याने गॅस बघितला, नळी बघितली, मग आतलं बिअरचं पिंप उचलून हलवलं.

"काका, नळ चांगला हाय की. पिंपच मोकळं झालंय. लई पावणे आलते काय?"

"पाहुणे कुणी आले नाहीत, मल्लू," बायको म्हणाली.

मी हसून वेळ मारून नेली. दहा लिटर रविवारी भरले होते, आज गुरुवार. बाटल्या होत्या तेव्हा रिकाम्या समोर दिसायच्या. नळाखाली तोच एक पेला.

अर्धं तरी उरलं असेल, असं मला खरोखर वाटत होतं. आता थांबायचं म्हटलं तर जमेल का, याची भीती वाटते.