रस्त्याकडे पाठ

माझ्या नवऱ्याला जपानी घरांचं वेड लागलं आणि त्याचा फटका बसणार होता बाबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना.

नॉटिंगहॅममधलं आमचं घर साधंच, पुढे रस्त्याकडे बाहेर आलेली मोठी बे विंडो असलेलं. सासूबाई गेल्यावर बाबा गावाहून आमच्याकडे आले आणि त्या खिडकीत रुळले. येणारेजाणारे हात करायचे, बाबाही करायचे. पोस्टवाली थांबून हवेबद्दल बोलायची. बाबांना इंग्रजी फारसं येत नाही, पण त्यांचं कधी अडलं नाही. शाळेतून आली की आमची मुलगीही त्यांच्या मांडीवर बसून सगळ्यांना हात करायची.

आणि नवरा आर्किटेक्टकडून प्लॅन घेऊन आला. खिडकी बंद, रस्त्याच्या बाजूला सपाट पांढरी भिंत, मधोमध इवलंसं अंगण, त्यात एक झाड, उजेड वरून.

"एकदम पीसफुल होईल गं," तो म्हणाला. "प्रायव्हसी पण मिळेल."

माझं डोकंच फिरलं. टोकियोत शेजाऱ्याची खिडकी हाताला लागते, डोक्यावर विजेच्या तारा. तिथला माणूस भिंत घालतो ते मला कळतं. इथे समोर झुडपांचं कुंपण आणि चेरीचं झाड. लपायचंय कुणापासून? बरं, ज्या पुस्तकातून त्यानं हे घर उचललं, त्यातच चार पानं पुढे गल्लीच्या बाजूला लाकडी ओटा सोडलेलं घर होतं, जाणाऱ्यानं घटकाभर टेकावं म्हणून. तेही जपानीच. पण ते पान साहेबांना दिसलं नाही. सोयीपुरतं जपान उचललं होतं त्यानं.

बाबांनी चष्मा लावून प्लॅन बघितला.

"खिडकी कुठं आहे?"

"नाहीये, बाबा. रस्त्यावरून कुणाला काही दिसणारच नाही."

बाबांनी कागदावरच्या त्या भिंतीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "आमची वस्ती गावाबाहेर. गावातल्या सगळ्या घरांची पाठ आमच्याकडं. लहानपणी मी नुसत्या भिंती बघितल्या. आता माझा पोरगाच रस्त्याकडं पाठ करणार."

मी नवऱ्याला सांगून टाकलं, घर दोघांच्या नावावर आहे आणि या प्लॅनवर माझी सही मिळणार नाही.

त्यानं कागद गुंडाळला. "ओके, आत्ता राहू दे. नंतर बघू."

नंतर म्हणजे कुणाच्या नंतर, हे आम्हा तिघांनाही कळलं. त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली मला. बाबांचा आवाज मात्र चढला नाही.

"नंतर तरी कशाला? मी नसलो तरी पोरीला रस्ता दिसू दे."