वैकुंठरथाचा ड्रायव्हर

पाथरीत तो वैकुंठरथ चालवतो. मयताच्या घरातलं रडणं आटोपेपर्यंत गाडीत जाडजूड अद्भुतकथा वाचतो. तिच्यातला मृत्यू घोड्यावरून येतो आणि अदबीनं बोलतो. मी त्याला युरोपातल्या केल्टिक लोककथांतला अंकू सांगितला. तो मृत्यूचा गाडीवान. त्याच्या चाकांची करकर ऐकून लोक दारं लावतात.

"म्हंजे तिथंबी ड्रायव्हरच बदनाम!" तो चिडून म्हणाला.

त्याच्या मुलीला पाहायला आलेले पाहुणे दारातली ही गाडी बघून चहाही न घेता परतले होते. सोयरीक तिथंच मोडली.

पुढं त्याच पाहुण्यांकडचे आजोबा वारले. ते माझे शेजारी, म्हणून मी तिथं होतो. गाडीतून उतरून तो सरळ त्यांच्या ओसरीवर बसला.

"आधी पाणी द्या."

"अहो, ही काय येळ हाय?" घरमालक ओरडले.

"माझ्या दारात तर येळच येळ होती की! तवा घोटबी घेतला न्हाई तुमी."

आतून सूनबाईनं तांब्या आणला. त्यानं तो पूर्ण रिकामा केला. मग आजोबांच्या मानेखाली हात घालून त्यांना अलगद उचलू लागला.

"चला आबा. तुमच्यावर राग न्हाई."

गाडीचं दार मात्र त्यानं असं आपटलं की गल्लीतल्या खिडक्या भराभर बंद झाल्या.